विश्लेषण : जहाज संध्याकाळचे, मग दार दुपारीच का बंद? खंडाळ्याहून क्रूझ गाठण्याचे गणित

मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटे आता मोबाइलवर चार बोटांच्या हालचालीत निघतात. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, कंपनीची डीलर सहल, दिवाळीच्या सुट्टीतला चार कुटुंबांचा बेत अशा निमित्तांनी सातारा-सांगलीकडची मंडळीही जहाजावर चढू लागली आहेत. मात्र तिकिटावर ठळक अक्षरांत छापलेली वेळ जहाज सुटण्याची असते, प्रवाशाने पोहोचण्याची नव्हे. या दोन वेळांमधल्या अंतराकडे दुर्लक्ष झाले, की हजारो रुपये भरलेले कुटुंब बॅगांसह धक्क्यावर उभे राहते आणि समोर जहाज दिसत असूनही आत जाता येत नाही. हे अंतर इतके मोठे का असते आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या खंडाळ्यातून निघणाऱ्याने हिशेब कसा मांडायचा?

तिकिटावर नेमक्या किती वेळा असतात?

क्रूझच्या कागदपत्रांत तीन वेगवेगळ्या वेळा असतात आणि घोळ इथेच सुरू होतो. पहिली वेळ म्हणजे हजर होण्याचा टप्पा. वेब चेक-इन करताना प्रवाशाला तासा-अर्ध्या तासाचा एक टप्पा मिळतो. दुसरी वेळ चेक-इन बंद होण्याची. तिसरी जहाज सुटण्याची. जाहिरातीत, एजंटाच्या व्हॉट्सअॅप संदेशात आणि नातेवाइकांच्या बोलण्यात तिसरीच वेळ फिरत राहते. प्रत्यक्षात प्रवाशाच्या दृष्टीने तिला काडीचेही महत्त्व नाही. महत्त्व दुसरीला आहे.

चेक-इन जहाज सुटण्याच्या किती आधी बंद होईल, हे कंपनीनुसार बदलते. परदेशातील बऱ्याच कंपन्यांत ही मर्यादा ६० ते ९० मिनिटांची आहे, काही ठिकाणी ती दोन तासांपर्यंत जाते. त्यामुळे ‘मागच्या वेळी आम्ही दीड तास आधी गेलो होतो, चालले’ हा शेजाऱ्याचा अनुभव पुढच्या फेरीला लागू होईलच असे नाही. कंपनीने ई-मेलवर पाठवलेल्या शेवटच्या पत्रातील वेळ हीच खरी. सुटण्याची वेळ बदलली तर हजर होण्याचा टप्पाही बदलतो आणि तो बदल बहुधा एसएमएस किंवा ई-मेलनेच कळवला जातो. तिकीट एजंटाने स्वतःचाच नंबर टाकून काढले असेल, तर हा संदेश कुटुंबापर्यंत पोहोचतच नाही. बुकिंगमध्ये स्वतःचा नंबर आहे ना, एवढे आधी पाहिले तरी निम्मा धोका टळतो.

जहाज दहा मिनिटे थांबू का शकत नाही?

पारगाव-खंडाळ्याच्या स्टँडवर धावत येणाऱ्याला पाहून एसटीचा कंडक्टर घंटी मारतो आणि गाडी थांबते. बामणोली किंवा तापोळ्याची लाँच तर माणसे भरेपर्यंत किनाऱ्यालाच असते. या सवयीच्या माणसाला दीड-दोन हजार प्रवाशांचे जहाज एका कुटुंबासाठी थांबत नाही, हे आडमुठेपणाचे वाटते. त्यामागची कारणे मात्र कंपनीच्या मर्जीपलीकडची आहेत.

समुद्रावरील सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक माणसाची मोजणी झाली पाहिजे, असा या करारातील नियम आहे. लांबच्या प्रवासात नावे, स्त्री-पुरुष, प्रौढ, लहान मूल, तान्हे बाळ अशी नोंद होते आणि ती किनाऱ्यावरही ठेवली जाते. दुर्घटना घडली तर बचाव पथकाचा पहिला प्रश्न ‘किती माणसे होती?’ हाच असतो. मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. त्यात सहाशेहून अधिक माणसे गेली, पण मृतांचा आकडा आजही वेगवेगळा सांगितला जातो. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून १५ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही बोटीवर परवानगीपेक्षा अधिक प्रवासी असल्याचे समोर आले. यादी बंद करून, मोजणी जुळवून मगच निघायचे, या शिस्तीची किंमत अशा दिवशी कळते.

यादी बंद करण्याची वेळ काही देशांत कायद्यानेच ठरलेली आहे. अमेरिकेतील बंदरातून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटे आधी तेथील सीमाशुल्क व सीमा सुरक्षा विभागाकडे द्यावी लागते. त्यानंतर काउंटरवरचा कर्मचारी कितीही हळवा असला तरी नवे नाव घालू शकत नाही. न्यू जर्सीतल्या मुलीकडे गेलेल्या आई-वडिलांना बहामाची सफर घडवायची असेल, तर ही ६० मिनिटे ध्यानात ठेवावी लागतात.

दुसरे कारण सुरक्षा कवायतीचे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉन्कॉर्डिया’ खडकाला घासून कलंडले आणि ३२ जणांचा बळी गेला. त्याच संध्याकाळी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण त्या वेळच्या नियमानुसार ती २४ तासांत कधीही घेता येत असे. या दुर्घटनेनंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. जीवरक्षक जॅकेट कसे घालायचे, आपल्या खोलीसाठी जमण्याची जागा कोणती, भोंग्याचा इशारा कसा ओळखायचा, हे दाखवायला वेळ लागतो. शेवटचा प्रवासी सुटण्याच्या पाच मिनिटे आधी चढला तर ते शक्य नाही.

तिसरे कारण बंदराचे. मोठे जहाज स्वतःहून धक्क्यावरून निघत नाही. बंदराचा पायलट वर चढतो, टग बोटी लागतात, दोर सोडणारी माणसे धक्क्यावर हजर असतात. ही सगळी मंडळी दिवसभरातील अनेक जहाजांसाठी मिनिटे वाटून घेऊन काम करतात. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक पाच मीटरच्या आसपास जातो. खोल बूड असलेल्या जहाजाला पाण्याची उंची पाहूनच हलावे लागते. दिलेली वेळ हुकली तर पुढची जागा लगेच मिळेल, याची खात्री नसते.

लवकर पोहोचले तर काय बिघडते?

फार लवकर जाऊन फायदा नसतो, उलट त्रासच होतो. फेरी मारून परतलेले जहाज सहसा सकाळी धक्क्याला लागते. आधीचे प्रवासी बॅगांसह उतरतात, शेकडो खोल्यांतील चादरी बदलल्या जातात, भाजीपाला, दूध, पिण्याचे पाणी, इंधन चढवले जाते. हे सारे काही तासांत उरकून त्याच संध्याकाळी जहाज पुन्हा निघते. सकाळी नऊला धक्क्यावर गेलेला प्रवासी उतरणाऱ्यांच्या गर्दीत सापडतो आणि त्याच्यासाठी काउंटरही उघडलेला नसतो. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले सोबत असतील तर ती ताटकळ नको वाटते.

टप्पे पाडण्याचे कारणही हेच. १,८०० प्रवासी एकाच वेळी आले तर रांग रस्त्यावर येईल. ते चार तासांत विभागले तर तासाला साडेचारशे होतात आणि रांग सरकत राहते. आपल्याकडे मात्र ‘बारा ते एक’ लिहिले असले की निम्मे लोक अकराला आणि उरलेले तीनला येतात, आणि मग व्यवस्थेला नावे ठेवली जातात.

नव्या टर्मिनलमुळे काय बदलले?

बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भावनगर येथील कार्यक्रमातून झाले. सुमारे ५५६ कोटी रुपये खर्चून, ४ लाख १५ हजार चौरस फुटांवर ही इमारत उभी आहे. चेक-इन आणि इमिग्रेशनसाठी ७२ काउंटर, दिवसाला १० हजार प्रवासी हाताळण्याची क्षमता आणि एकाच वेळी पाच जहाजे लागण्याची सोय अशी तिची आखणी आहे. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस केंद्राने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

काउंटर वाढल्याने रांग लहान होईल. चेक-इन बंद होण्याची वेळ मात्र त्यामुळे पुढे सरकत नाही, कारण ती रांगेच्या लांबीवर नाही तर मोजणी, कवायत आणि पायलट यांच्यावर अवलंबून आहे. ‘आता एअरपोर्टसारखे झाले आहे, पटकन होते’ अशा भरवशावर उशिरा निघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

खंडाळ्यातून निघताना कुठे फसगत होते?

पहिली फसगत नावातच आहे. नकाशाच्या अॅपवर नुसते ‘खंडाळा’ टाकले तर बहुतेक वेळा मावळ तालुक्यातील, लोणावळ्याशेजारचे, सिनेमाच्या गाण्याने गाजलेले खंडाळा पुढे येते. तिथून बॅलार्ड पिअर शंभर किलोमीटरच्या आत आहे. सातारा जिल्ह्यातील, शिरवळ आणि लोणंद ज्या तालुक्यात येतात ते खंडाळा सुमारे २१० किलोमीटरवर आहे. मुंबईतील एजंटाने ‘खंडाळ्याहून अडीच-तीन तास पुरेत’ असे सांगितले, तर तो कोणत्या खंडाळ्याबद्दल बोलतो आहे हे विचारून घ्यावे. टॅक्सी ठरवतानाही तालुका आणि जिल्हा लिहूनच द्यावा.

दुसरी फसगत रस्त्याची. खंडाळ्यापासून शिरवळ, खेड शिवापूरपर्यंत महामार्ग बरा चालतो. खंबाटकीचा त्रास खंडाळेकरांना जाताना नाही, तो वाई, सातारा, कराडकडून येणाऱ्यांच्या वाट्याचा. मग मात्र नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड या पट्ट्यात वेळेचा काही नेम नाही. सकाळी आठ ते अकरा या वेळात इथे सापडलेली गाडी तासभर सहज खाते. पुढे द्रुतगती मार्गावर बोरघाटात एखादा कंटेनर बंद पडला किंवा ब्लॉक असला की सगळे गणित कोलमडते. पनवेलनंतरचा टप्पा मात्र आता सुधारला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीला उतरवतो आणि तिथून पूर्व मुक्त मार्गाने पी. डिमेलो रस्त्यापर्यंत जाता येते. वाशी-चेंबूरची कोंडी टळते. त्यासाठी सेतूचा वेगळा टोल भरावा लागतो, पण जहाज गाठायचे असताना तो वाचवण्यात अर्थ नाही.

तिसरी फसगत शेवटच्या दोन किलोमीटरवर होते. मुंबईत ‘बोटीला जायचे’ म्हटले की टॅक्सीवाला गेटवे ऑफ इंडियाला किंवा भाऊच्या धक्क्याला नेऊ शकतो. गेटवेहून घारापुरी आणि मांडव्याच्या लाँच सुटतात. माझगावजवळच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आणि मोरा, रेवसच्या बोटी निघतात. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ मध्ये सुरू झालेले ‘आंग्रिया’ त्याच बाजूच्या देशांतर्गत टर्मिनलहून सुटत असे, त्यामुळे जुन्या प्रवाशांच्या डोक्यात तोच पत्ता बसला आहे. मोठ्या क्रूझसाठीचे टर्मिनल बॅलार्ड पिअरला, गोदीच्या ग्रीन गेटकडे आहे. चुकीच्या धक्क्यावरून बॅगा परत टॅक्सीत घालून दक्षिण मुंबईच्या सिग्नलमधून यायला अर्धा तास सहज जातो.

मग घरातून किती वाजता निघायचे?

समजा, जहाज संध्याकाळी पाचला सुटणार आहे, चेक-इन दुपारी तीनला बंद होणार आहे आणि हजर होण्याचा टप्पा बारा ते एकचा आहे. रस्ता मोकळा असेल तर खंडाळा ते बॅलार्ड पिअर साधारण चार ते साडेचार तास. चहा-नाश्ता आणि स्वच्छतागृहासाठी थांबण्याचा पाऊण तास धरावा. पुण्याच्या बायपासचा तास वेगळा. म्हणजे सहाच्या सुमारास घर सोडले तर बाराला धक्का दिसतो. बाराचा टप्पा गाठण्याचे ध्येय ठेवले की तीनची मर्यादा हा आपोआप राखीव वेळ होतो. टायर फुटला, घाटात अडकले, कुणाला गाडी लागली तरी तीन तास हाताशी उरतात. याउलट ‘तीनला बंद होते ना, मग अडीचला पोहोचू’ असा हिशेब करणाऱ्याकडे एक पंक्चर काढण्याएवढाही वेळ नसतो.

बेभरवशाचा रस्ता नकोच असेल तर रेल्वेचा पर्याय चांगला आहे. कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, सातारा घेत रात्रभर धावते आणि सकाळी सीएसएमटीला पोहोचते. तिथून बॅलार्ड पिअर दीड किलोमीटरच्या आसपास. सकाळी तास-दोन तास गाडीला उशीर झाला तरी दुपारचा टप्पा हुकत नाही. सांगली-मिरजकरांना तर मोटारीने रात्री दोनला निघण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. दिवसाची कोयना एक्स्प्रेस मात्र या कामाची नाही, ती मुंबईत पोहोचेपर्यंत जहाज गेलेले असते. सोबत वृद्ध असतील तर आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम करणे सर्वांत बरे. क्रूझवर माणशी वीस-पंचवीस हजार खर्चून एका रात्रीच्या मुक्कामात काटकसर करणे हा विचित्र हिशेब आहे, तरी तो सर्रास केला जातो.

वेळेत पोहोचूनही प्रवेश नाकारला जातो तो का?

चेक-इनच्या काउंटरवर वेळ जातो तो मुख्यतः नावांमुळे. लग्नानंतर आधारवर माहेरचेच नाव राहिलेले, तिकीट मात्र सासरच्या आडनावाने काढलेले, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. कुठे वडिलांचे नाव मधे, कुठे शेवटी, कुठे आडनावच नाही. वेब चेक-इन करतानाच ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवले तर काउंटरवर अर्धा तास वाचतो. देशांतर्गत फेरीला छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र लागते. जहाज श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट आणि इमिग्रेशन आलेच. लहान मुलांचीही ओळखपत्रे मूळ स्वरूपात न्यावीत.

परदेशातून क्रूझ पकडणाऱ्यांनी व्हिसावर किती वेळा प्रवेशाची मुभा आहे ते पाहावे. बार्सिलोनाहून निघून शेंगेन क्षेत्राबाहेरच्या बंदरात जाऊन परतणाऱ्या जहाजासाठी एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही आणि हे बहुतेकांना काउंटरवरच कळते.

गर्भारपणाचे २४ आठवडे पूर्ण झालेल्या महिलांना आणि सहा महिन्यांखालील बाळांना बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. तिथे जवळ रुग्णालय नसते, हे त्याचे साधे कारण. मोठ्या बॅगा टॅग लावून आधीच जमा होतात आणि खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. त्यामुळे रक्तदाब-मधुमेहाची औषधे, चष्मा, चार्जर आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत हवीत. इस्त्री, विजेची किटली, मद्य तपासणीत काढून घेतले जाते. घरी केलेल्या खाद्यपदार्थांनाही बहुधा मनाई असते. प्रवासासाठी करून घेतलेल्या दशम्या गाडीतच संपवाव्यात.

जहाज चुकले तर पैसे परत मिळतात का?

बहुतेक कंपन्यांच्या अटींत उशिरा येणारा प्रवासी ‘न आलेला’ समजला जातो आणि पूर्ण रक्कम जाते. पुढच्या बंदरात, म्हणजे गोव्याला जाऊन चढू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. पण त्यासाठी कंपनीची आणि बंदराची परवानगी लागते, ती प्रत्येक वेळी मिळत नाही आणि खर्च प्रवाशाचाच असतो. वाटेत फिरायला उतरलेल्यांनाही हाच नियम. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीहून उशिरा परतलेल्या आठ प्रवाशांना ‘नॉर्वेजियन डॉन’ने मागे ठेवले. तटरक्षकांच्या बोटीतून ते जहाजाजवळ गेले, तरी त्यांना वर घेतले नाही. अनेक देश ओलांडत त्यांनी अखेर सेनेगलमध्ये जहाज गाठले. मालदीवसारख्या ठिकाणी आणखी एक खोच असते. तिथले घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे. फोन आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र त्याच्या फलकावरील वेळेनेच सुटते.

चूक कंपनीची असेल, उदाहरणार्थ बदललेली वेळ कळवलीच नाही, तर मार्ग आहे. विमानाच्या प्रवाशाला डीजीसीएच्या नियमांचा आधार असतो. क्रूझच्या बाबतीत तिकिटाच्या अटी आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हेच मुख्य आधार. या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागू शकतो. म्हणजे खंडाळ्याच्या ग्राहकाला मुंबईत खेटे घालावे लागत नाहीत, सातारा जिल्हा आयोगाकडे किंवा ई-जागृती पोर्टलवर तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते. पुरावा म्हणून तिकीट, कंपनीचे सगळे ई-मेल व एसएमएस आणि टोल नाक्यांवरील फास्टॅगच्या नोंदी जपून ठेवाव्यात. गाडी किती वाजता कुठे होती, हे त्या नोंदी मिनिटासकट दाखवतात.